वसई पडली तेव्हा नाना कुठे होते?

पाऊस सरला की वाईच्या सहलींचे फोटो सुरू होतात आणि त्यांच्यासोबत तो ठरलेला मजकूरही फिरू लागतो: ‘मेणवली, पेशव्यांचा राजवाडा. नाना फडणवीसांनी वसई जिंकून आणलेली घंटा. नदीवर उतरायला गुप्त दरवाजा.’

आधी घंटेचं बघू. पोर्तुगीजांची वसई पडली मे १७३९मध्ये, चिमाजीअप्पांच्या मोहिमेत. नाना जन्मले फेब्रुवारी १७४२मध्ये, म्हणजे पावणेतीन वर्षांनी! बरं, मोठेपणी तरी त्यांनी असा कुठला किल्ला स्वतः सर केला? साडेतीन शहाण्यांत नाना अर्धे धरले जातात, ते तलवारीचे गडी नव्हते म्हणूनच. पानिपतावरून जीव वाचवून आलेला हा माणूस लेखणीचा. घंटा मात्र पोर्तुगीजच. जवळ जाऊन पाहिलं तर तिच्या अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, आणि १७०७ हे सालही. वसईहून आलेल्या अशा घंटा आणखीही देवळांत आहेत. नाशकातली नारोशंकराची घंटा तर थेट आपल्या बोलण्यात येऊन बसली.

‘पेशव्यांचा राजवाडा’ हेही तसंच. मेणवली गाव १७६८मध्ये औंधचे पंतप्रतिनिधी आणि साताऱ्याचे मंत्री यांनी नानांना इनाम दिलं. वाडा नानांचा स्वतःचा. धन्याची मालकी कारभाऱ्याच्या घरावर चढवायची आणि वर त्याच कारभाऱ्याला वसई बहाल करायची, हा हिशेब फडावर, म्हणजे पेशव्यांच्या कचेरीत, तरी चालला नसता. बाहेरून जाड, उंच, जवळजवळ मुक्या भिंती. आत शिरलं की एकामागून एक चौक, असे सहा. सागवानी खांब, भिंतींवर चित्रं. पण मला या वास्तूचं खरं वैभव वाटतं ते तिथे टिकलेल्या कागदांचं. नानांचं दप्तर इथेच राहिलं, म्हणून त्याचं नाव ‘मेणवली दप्तर’. पुढे ते इतिहास-संशोधक द. ब. पारसनीसांनी उजेडात आणलं. फोटोंसोबत फिरणाऱ्या त्या मजकुरात याबद्दल एक अक्षर नाही.

राहिला गुप्त दरवाजा. ते वाड्याचं मागचं दार. बाहेर पडलं की समोर कृष्णा, चंद्रकोरीसारखा वळलेला दगडी घाट, मेणेश्वराचं आणि विष्णूचं देऊळ. स्नान करून देवाला जायची ही वाट. पलीकडच्या काठावर उभं राहिलं तरी सगळं दिसतं.