लवकर फाशी म्हणजे किती लवकर?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याची बातमी आली तेव्हा आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर दिवसभर एकच मागणी: फाशी, तीही भर चौकात. आई गवार निवडत म्हणाली, "कशाला खटले चालवत बसायचं गं? पंधरा दिवसांत लटकवा नि मोकळे व्हा."

मी गप्प बसले. 2016 मध्ये कोपर्डीत शाळकरी मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर मीही अगदी हेच लिहिलं होतं. दर जुलैत फेसबुक ती पोस्ट मेमरी म्हणून समोर आणून ठेवतं.

लोकांचा राग खोटा नाही. कोल्हापूरच्या त्या दोन बहिणींचंच बघा. लहान लेकरं पळवून मारली. 1996 मध्ये पकडल्या, 2001 मध्ये फाशी सुनावली, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. मग दयेच्या अर्जावर जवळपास आठ वर्षं फायली फिरत राहिल्या आणि 2022 मध्ये, याच उशिरामुळे, मुंबई उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली. ती बातमी वाचून मी चिडलेच होते. सरकारी कारभार कासवाच्या गतीनं चालतो आणि फायदा कुणाला होतो, तर त्यांना!

पण मग नाशिकचं प्रकरण आठवतं. 2003 मध्ये एका कुटुंबावर हल्ला झाला, पाच जणांचा जीव गेला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयानं त्यातल्या तिघांची फाशी कमी केली होती. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहाही जणांना फाशीच दिली. दुर्मिळातलं दुर्मिळ प्रकरण ठरवून. पुढे कळलं, सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता. आणि मार्च 2019 मध्ये त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं तुरुंगात! भरपाई प्रत्येकी 5 लाख.

आईच्या हिशेबानं पंधरा दिवस सोडा, 2010 पर्यंत जरी 'लवकर' उरकलं असतं, तर 2019 चा निकाल ऐकायला त्यातलं कोण उरलं असतं? कोल्हापूरच्या बाबतीत ज्या उशिराला मी शिव्या घातल्या, त्याच उशिरानं हे सहा जण वाचले.

जरब बसते म्हणावं, तर फाशीनं जन्मठेपेपेक्षा जास्त जरब बसते याला पुरावा नाही, असं विधी आयोगानं 2015 मध्येच सांगितलंय. दहशतवाद आणि देशाविरुद्धचं युद्ध सोडून बाकी फाशी रद्द करा म्हणाले. बाबासाहेब तर 3 जून 1949 ला संविधान सभेत म्हणाले होते की, आपण फाशीची शिक्षाच रद्द करण्याच्या बाजूचे आहोत.

मी तिथवर पूर्ण पोचलेले नाही, हे कबूल करते. 21 नोव्हेंबर 2012 च्या सकाळी येरवड्यात कसाबला फाशी दिल्याचं कळलं तेव्हा मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं. आजही वाटत नाही. विसंगती आहे, असू दे. पण बाकी ठिकाणी 'फाशी द्या' लिहायला आता माझा हात धजत नाही.

नाशिकची गोष्ट त्या दिवशी आईलाही सांगितली. हल्ल्यातून वाचलेल्या बाईनं दोनच दिवसांनी पोलिसांच्या अल्बममधून भलतेच चार जण ओळखले होते, ही गोष्टच खटल्यात दडवली गेली, तेही सांगितलं. गवारीच्या शिरा काढता काढता ती थांबली.

"मग त्या चौघांचं काय?"

"त्यांचा तपास करा म्हणाले कोर्ट. 2019 मध्ये."