जास्तीच्या पैशांची आणि झोपेची विल्हेवाट

घरात गरजेपेक्षा अधिक पैसा साठला असेल, रात्री अंथरुणाला पाठ टेकताच झोप लागत असेल आणि नातेवाइकांच्या लग्नांना वेळेवर जाण्याची खोड जडली असेल, तर या तिन्हींवर एकच रामबाण उपाय आहे. आपण जर्मन शेफर्डची एक मादी आणावी आणि तिच्यापासून कामाची कुत्री पैदा करण्याचा उद्योग आरंभावा. मात्र तो जबाबदारीनेच करावा, कारण बेजबाबदारपणे केल्यास त्यात चुकून नफा होण्याचा धोका असतो.

हा उद्योग सुचतो तो बहुधा एका गुणाकारातून. आठ पिल्ले गुणिले पंचवीस हजार म्हणजे दोन लाख, आणि तेही वर्षातून दोनदा. गुणाकारात चूक नाही. चूक आहे ती केंद्र सरकारची, ज्याने 2017 साली श्वानप्रजननाचे नियम काढून मादी 18 महिन्यांची होण्याआधी, आठ वर्षांनंतर, लागोपाठच्या दोन माजांना किंवा जन्मभरात पाचपेक्षा अधिक वेळा पिल्लांसाठी वापरू नये, असे सांगून ठेवले. शिवाय राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे 5000 रुपये भरून दोन वर्षांसाठी नोंदणी करावी लागते. हा आकडा वाचून खचू नये. या उद्योगातला हा सर्वांत किरकोळ खर्च आहे.

खरी मजा पिल्ले होण्याच्या कितीतरी आधी सुरू होते. मादीला भूल देऊन खुब्याचे आणि कोपराचे एक्स-रे काढावेत, कारण या जातीत खुब्याचा सांधा उथळ निघण्याचा दोष पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. मागचे पाय हळूहळू लुळे पाडणाऱ्या मज्जारज्जूच्या विकाराची जनुकीय चाचणीही करून घ्यावी. हा विकार मोठा शिष्टाचारी आहे. तो सहसा उतारवयात, म्हणजे पिल्ले काढून आणि विकून झाल्यावरच दर्शन देतो. त्यामुळे चाचणीचे पैसे वाचवणारा माणूस आयुष्यभर सज्जन म्हणून वावरू शकतो.

यानंतर मादीला काम येते का, हे पाहावे. कॅप्टन माक्स फॉन श्टेफानित्स यांनी 1899 साली जर्मनीत या जातीची संघटना काढली, ती कळपामागे दिवसभर राबणारा कुत्रा टिकावा म्हणून. सोफ्यावरच्या छायाचित्रांसाठी नव्हे. त्या देशात प्रजननाआधी कुत्र्याला माग काढणे, आज्ञापालन आणि संरक्षण यांच्या परीक्षा असतात, आणि दमसासाच्या परीक्षेत तर ताशी 12 ते 15 किलोमीटर वेगाने सायकलीबरोबर 20 किलोमीटर धावावे लागते. पुण्यात सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी हा वेग मोटारीलाही साधत नाही, तेव्हा आपण पहाटे चारला उठावे. एवढे करून मादी बंदुकीच्या बाराला बिचकली, किंवा एक्स-रेत खुबा सदोष निघाला, तर तिचे नसबंदीचे ऑपरेशन करून तिला जन्मभर मायेने सांभाळावे आणि दुसरी मादी आणून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी. गुणाकारात ही पायरी सहसा गाळलेली असते.

समजा, सारे जमून आले. मग नर निवडताना शेजारच्या सोसायटीतला, हाडापेराने जाडजूड म्हणून ‘डबल बोन’ म्हणवला जाणारा देखणा टाळून, सर्व चाचण्या झालेला आणि तितकाच दूर असलेला नर शोधावा, नेमका दिवस साधण्यासाठी मादीच्या रक्ताच्या तपासण्या कराव्यात आणि पुढचे साधारण 63 दिवस मोजावेत. शेवटच्या आठवड्यात तिचे तापमान दिवसातून दोनतीनदा घ्यावे. ते 99 अंश फॅरनहाइटच्या खाली उतरले की दिवसभरात वेणा सुरू होणार, असे समजून कार्यालयात रजा टाकावी. पिल्ले अडली तर मध्यरात्री सिझेरियन करणारा डॉक्टर कोण, हे आधीच ठरवून ठेवावे. जन्मलेल्या पिल्लांना ऊब स्वतःची स्वतः राखता येत नाही. तेव्हा दिव्याखालच्या पेटीशेजारी आपण गादी टाकावी, गळ्यात रंगीत लोकर बांधून पिल्ले ओळखावीत आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज तोलावीत. हिरव्या धाग्याचे वजन कालपेक्षा दहा ग्रॅमने घटले, की घरातल्या दहावीच्या परीक्षेचाही विसर पडतो. त्यानंतर जंताची औषधे, लशी, मायक्रोचिप, आणि आठ आठवडे पुरे होण्याआधी एकही पिल्लू विकायचे नाही, हा नियम. त्याच आठवड्यांत पिल्लांना कुकरची शिटी, पावसाळी पत्रा, अनोळखी माणसे आणि रिक्षा यांची सवय लावावी, म्हणजे शेजाऱ्यांशी असलेले संबंधही आपोआप निकालात निघतात.

विक्रीच्या वेळी गिऱ्हाइकाकडून लिहून घ्यावे, की कुत्रा केव्हाही नकोसा झाला तर तो आपल्याकडेच परत यावा. तो येतोच. बदली झाली, बाळ झाले, ‘फार चावरा निघाला हो’, अशा कारणांनी तीन वर्षांचा धिप्पाड कुत्रा दारात उभा राहतो, आणि त्याच्यासाठी एक पिंजरा कायम रिकामा ठेवावा लागतो.

एवढी सिद्धता झाल्यावर एका रविवारी पहिले गिऱ्हाईक येईल. त्यांच्यासमोर एक्स-रे, चाचण्यांचे अहवाल आणि परीक्षेची प्रमाणपत्रे मांडून ठेवावीत. ते त्यांवर चहाचा कप ठेवतील, पिल्लाचे कान उभे राहतील ना, एवढे विचारतील, आणि म्हणतील, “आम्हाला कुठे शोला न्यायचंय? पेपरशिवाय दिलंत तर किती कमी कराल?”