नोटा छापून कर्ज फिटत नाही, आणि ‘मॅक्रो’ शिकून वर्षही वाया जात नाही

डिचोलीच्या माझ्या भाचीने बारावीनंतर अर्थशास्त्र घेऊन बी.ए.ला प्रवेश घेतला, त्याला आठवडा होतो न होतो तोच घरच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक संदेश आला: ‘पहिल्या वर्षी मॅक्रोइकॉनॉमिक्स घेऊन वर्ष फुकट घालवू नका.’ मॅक्रो म्हणजे सगळ्या देशाच्या अर्थव्यवस्थेचा एकत्रित अभ्यास. कारणे पाच होती. सरकारने नोटा छापल्या की कर्ज फिटते, पण प्राध्यापक हे लपवतात. देश घरासारखाच चालतो, त्याला शास्त्र लागत नाही. गोव्याचे दरडोई उत्पन्न हा खोटा आकडा आहे. २००८चे जागतिक आर्थिक संकट एकाही अर्थतज्ज्ञाला दिसले नाही. आणि सारा विषय यूट्यूबवर दोन तासांत उरकतो. भावोजींनी तो वाचून मुलीला विषय बदलण्याचा अर्ज आणायला सांगितले. तिने मला फोन करून विचारले, “मामा, नोटा छापल्या तर खरंच कर्ज फिटेल?” उच्च माध्यमिकच्या वर्गांवर इतकी वर्षे हाच विषय शिकवल्यावर हे मुकाट्याने सोडून देणे मला जमणार नाही.

नोटांचा मुद्दा सर्वांत निरर्थक, आणि नेमका तोच लोकांना सर्वाधिक पटतो. आमच्या आईच्या पेटीत बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या पोर्तुगीज बँकेची, गोव्याच्या तेव्हाच्या रुपिया या चलनातली एक जुनी नोट आहे. घडीवर ती थोडी विरली आहे, पण शाई आणि नक्षी अजून ठळक आहेत. तरीही तिच्यावर पोदेर, म्हणजे आमचा पाववाला, एक पाव देणार नाही. पोर्तुगिजांनी १९५८मध्ये रुपिया बंद करून एस्कुदो आणला, एका रुपियाला सहा एस्कुदो या दराने. मुक्तीनंतर एस्कुदोही गेला आणि भारतीय रुपया आला. दोन्ही वेळा चलन बदलले म्हणून गोव्यातल्या माडांना एक नारळ जास्त लागला नाही की कमी लागला नाही. संपत्ती म्हणजे तो नारळ, मासळी, गाडी, शिक्षकाचा तास. नोट हा त्यांच्यावरचा केवळ हक्क आहे. वस्तू तेवढ्याच ठेवून हक्क दुप्पट केले, तर लोक त्याच वस्तूंसाठी अधिक नोटा मोजू लागतात आणि भाव चढतात. झिंबाब्वेने जानेवारी २००९मध्ये एकावर चौदा शून्ये असलेली नोट काढली आणि त्याच वर्षी त्या देशाला स्वतःचे चलन सोडून द्यावे लागले.

प्राध्यापक काही लपवतात, हा तर निव्वळ खोटा आरोप आहे. वित्तीय उत्तरदायित्वाचा २००३चा कायदा कोणीही उघडून वाचावा: अपवादाच्या परिस्थिती वगळता, केंद्र सरकारचे नवे रोखे, म्हणजे कर्जाचे कागद, रिझर्व्ह बँकेने थेट सरकारकडून घेण्यावर १ एप्रिल २००६पासून त्यात बंदी आहे. ही बंदी का घालावी लागली, तेच या अभ्यासक्रमात शिकवतात. अर्धसत्य एवढेच की रिझर्व्ह बँक बाजारातून जुने रोखे विकत घेते आणि त्या वाटेने नवा पैसा निर्माण होतो. मात्र ती हे महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवण्याची कायदेशीर जबाबदारी सांभाळून करते. चलनपुरवठ्याला पक्की मर्यादा हवी, हे डॉ. आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरील आपल्या प्रबंधात १९२३मध्येच आग्रहाने मांडले होते, तेव्हा हा विषय आपला नव्हे असेही कोणी म्हणू नये.

देश घरासारखा चालतो, हे वाक्य मला जास्त घातक वाटते. घराने खर्च कमी केला की घराची बचत वाढते, कारण घराची मिळकत बाहेरून येते. सगळ्यांनी एकाच वेळी हात आखडला, तर एकाचा न झालेला खर्च ही दुसऱ्याची न झालेली मिळकत ठरते. डिचोली आणि सांगे तालुक्यांतल्या माणसाला हे पुस्तकातून शिकावे लागू नये. २०१२मध्ये खाणी थांबल्या, फेब्रुवारी २०१८मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे (लीजांचे) नूतनीकरण रद्द केल्यावर पुन्हा थांबल्या, तेव्हा आधी खनिज वाहणारे ट्रक आणि नदीतले बार्ज उभे राहिले. मग गॅरेजवाला, टायरवाला, रस्त्याकडेची खानावळ, आणि शेवटी ज्यांचा खाणीशी काडीचा संबंध नव्हता असे कपड्यांचे दुकानदार बसले. खाणी बंद करणे योग्य होते की नाही, हा वेगळा वाद आहे. पण अशा वेळी सरकारनेही घरासारखा खर्च कापला, तर त्या दुकानदाराचे उरलेले गिऱ्हाईकही जाते. गोवा राज्याला मात्र घराची उपमा बरीच लागू पडते, एवढे मी नाइलाजाने मान्य करतो: राज्याला नोटा छापता येत नाहीत, आणि केंद्राचे कर्ज डोक्यावर असताना नवे कर्ज काढायला संविधानाच्या कलम २९३ नुसार केंद्राची संमती लागते.

दरडोई उत्पन्न खोटे नाही. ती सरासरी आहे, प्रत्येकाचा पगार नव्हे. वेर्ण्याच्या कारखान्याचा नफा मालक मुंबईत राहत असला तरी गोव्याच्या खात्यात धरला जातो, आणि आखातातून मुलाने आईला पाठवलेले पैसे त्यात येत नाहीत.

२००८चा आक्षेप बहुतांशी खरा आहे. नोव्हेंबर २००८मध्ये इंग्लंडच्या राणीने लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये हाच प्रश्न विचारला, आणि पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या अर्थतज्ज्ञांना तिला पत्र लिहून आपली चूक कबूल करावी लागली. पण भूकंपाची तारीख सांगता येत नाही म्हणून भूगर्भशास्त्र कोणी सोडत नाही.

यूट्यूबवर चांगली व्याख्याने आहेत, ती तिने अवश्य पाहावीत. राष्ट्रीय उत्पन्नाचे गणित मात्र स्वतः मांडल्याशिवाय येत नाही. जुनी स्कूटर विकली तर किंमत धरायची की फक्त दलाली, इथेच दरवर्षी निम्मा वर्ग चुकतो. हे गणित मी तिला फोनवर घातले. तिने दलाली धरली, किंमत सोडली, आणि तेच बरोबर आहे. भावोजींना मी सांगितले आहे की तो अर्ज महाविद्यालयात देऊ नका.