गल्लीतून गाडी पळवणाऱ्यांसाठी युक्तीच्या चार गोष्टी

मोठ्या रस्त्यावर सिग्नल लागलाय, पुढे गाड्या तुंबल्यात आणि मोबाइलमधली बाई सांगतेय, 'डावीकडे वळा.' वळा. बिनधास्त वळा. ती डावीकडची गल्ली आमची आहे, पण तुम्ही संकोच करू नका. पुण्यात गल्ली तिथे राहणाऱ्यांची नसतेच, ती सिग्नल चुकवणाऱ्यांची असते. फक्त आत शिरल्यावर काही पथ्यं पाळायची असतात. ती गेल्या गुरुवारी सकाळी सव्वासहाला एका तरुण मार्गदर्शकानं आम्हाला प्रात्यक्षिकासह शिकवली, म्हणून तुमच्यासाठी देतो.

पहिली गोष्ट, वेग. आमची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत साधारण 300 मीटर. ताशी 20 नं आलात तर 54 सेकंद लागतात, 50 नं आलात तर 22. म्हणजे तब्बल 32 सेकंदांची कमाई! ती खिशात घालून पलीकडच्या सिग्नलला दीड मिनिट उभं राहायचं. एखादं रील बघून होतं तेवढ्यात. आता 50 च्या वेगात गाडी सेकंदाला 14 मीटर जाते, म्हणजे समोर पोर आलंय हे डोक्यात शिरून हात ब्रेकवर जाईस्तोवर कडेला लावलेल्या तीन मोटारी मागे पडलेल्या असतात. पण त्याला तुम्ही काय करणार? पोराला कळायला नको?

दुसरी, हॉर्न. वळणावर ब्रेकऐवजी वापरावा.

तिसरी, झेब्रा क्रॉसिंग. पुढचं चाक टेकवायला पांढरे पट्टे आखून दिलेत, त्यांचा मान राखा.

चौथी, स्पीडब्रेकर. इथे मी जरा थांबतो, कारण तुम्ही थांबत नाही.

रस्ते कसे बांधायचे याची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पुस्तकात ब्रेकरचं माप दिलेलं आहे. 3.7 मीटर रुंद, 10 सेंटिमीटर उंच, पसरट, गोलसर. ताशी 25 नं गेलं तर सुखानं पार होतो, त्याहून जोरात गेलं तर दणका बसतो. आमच्या गल्लीतला ब्रेकर दीड फूट रुंद आहे. उंची विचारू नका, डांबर उरलं होतं तेवढं ओतलंय. वर पांढरे पट्टे मारायचे राहिलेत, ते तीन वर्षं राहिलेत. पहिल्या आठवड्यात रिक्षावाल्यांनी शिव्या घातल्या, दुसऱ्यात रात्रभर दणदण ऐकून कोपऱ्यातल्या बंगल्यातल्या आजींनी, आणि तिसऱ्या आठवड्यात तुम्ही शोध लावलात. पावसाचं पाणी वाहून जायला ब्रेकरच्या दोन्ही टोकांना हातभर फट सोडलेली असते. त्या फटीतून दुचाकी वेग न मोडता सुळकन निघते. बरं, तिथून चालतं कोण? फुटपाथवर मोटारी लावलेल्या (आमच्याच, नाही म्हणत नाही), रस्त्याच्या मधून तुम्ही, मग पायी माणूस चालणार कुठून? कडेनं. त्याच फटीतून. म्हणजे पायी माणसाला वाचवायला घातलेला ब्रेकर गाडीला बरोब्बर त्याच्याच अंगावर घालतो! तक्रार केली की कधीतरी रबरी पट्ट्या येतात. त्या महिन्याभरात उखडतात आणि बोल्ट तेवढे डोकं वर काढून चपलेची वाट बघत बसतात. आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये 'आमच्या फाटकासमोर एक टाकाच' म्हणून टेबल बडवणारे तेच लोक चार गल्ल्या पलीकडे गेले की दुसऱ्यांच्या ब्रेकरच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. मीही केलाय. फटीतूनही गेलोय.

पाचवी. (चार म्हणालो होतो, चालायचंच.) पायी चालणाऱ्यांची दया आली तर 11 डिसेंबरपर्यंत दाबून ठेवा. 2021 पासून त्या तारखेला लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो. एक दिवस त्यांचा, 364 आपले, आणखी काय पाहिजे त्यांना?

सहावी सगळ्यात महत्त्वाची. कुणाला धक्का लागलाच तर उतरायचं नाही. दहा पावलं पुढे जायचं, एक पाय टेकवायचा, मान वळवायची आणि विचारायचं, 'काका, बघून चालता येत नाही का?'

गुरुवारी मी चहाचा कप घेऊन गॅलरीत उभा होतो. काका म्हणजे माझे वडील, वय 76. ब्रेकरच्या कडेला, त्या फटीपाशीच पडले. दुधाची पिशवी फुटली, डाव्या कोपराचं सालटं निघालं, चष्मा गटाराच्या जाळीवर जाऊन पडला. मी खाली पोचेपर्यंत स्कूटर गेलेली होती आणि वडील बसल्या बसल्या फुटलेली पिशवी दोन्ही हातांनी दाबून धरत होते, राहिलेलं दूध वाचावं म्हणून.

ते बघूनच चालत होते रे. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. बघायचं तुला होतं. त्यांना काही पाठीला डोळे नाहीत, तुझे पुढे आहेत ना दोन? मग? आणि घाई कसली, सव्वासहाला? जिमला चाललास ना? बॅग खांद्याला होती. पाच मिनिटं आधी ऊठ की. हेल्मेट आरशाला लटकवलं होतंस, त्यामुळे तोंड नीट दिसलं. तू कुठल्या विंगमध्ये राहतोस तेही माहीत आहे मला. तुझी आई संध्याकाळी याच कडेनं, मोटारींना हात टेकत टेकत भाजी आणायला जाते, गुडघे दुखतात तिचे. तिलाही असंच कुणी 'काकू, बघून' म्हणत असेल. घरी येऊन सांगते का तुला? नाहीच सांगणार.

वडील शुक्रवारपासून दूध आणायला जात नाहीत. पाय दुखतो म्हणतात. काही दुखत नाही पाय. दूध आता मी आणतो, त्याच वेळेला, त्याच कडेनं. हळू ये.