बाँड साइन केला म्हणून नोकरी सोडता येत नाही? आधी तो निकाल वाचा

‘सुप्रीम कोर्टाचा मोठा निकाल! नोकरीचा बाँड आता पूर्ण कायदेशीर. मुदतीआधी नोकरी सोडता येणार नाही. सोडली तर बाँडची सगळी रक्कम भरावी लागेल, कंपनी मूळ सर्टिफिकेटं अडवू शकते, पोलीस केस होऊ शकते, दुसऱ्या कंपनीत त्याच कामावर जाता येणार नाही.’ मे २०२५ पासून हा मेसेज वेगवेगळ्या रूपांत फिरतोय. आमच्या दाजींनी तो खरा मानला आणि हिंजवडीत काम करणाऱ्या माझ्या भाचीला हाती आलेली चांगली ऑफर नाकारायला लावली. ज्याने हा मेसेज लिहिला त्याने निकाल उघडूनसुद्धा पाहिलेला नाही.

निकाल विजया बँक या तेव्हाच्या सरकारी बँकेच्या खटल्यातला आहे, १४ मे २०२५ चा, न्या. नरसिंहा आणि न्या. बागची यांच्या खंडपीठाचा. बँकेने २००६ मध्ये जाहिरात काढली, तिच्यातच अट होती: तीन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर दोन लाख रुपये भरायचे. एक अधिकारी २००७ मध्ये सीनियर मॅनेजर म्हणून रुजू झाला, २००९ मध्ये राजीनामा देऊन आयडीबीआय बँकेत गेला आणि निषेध नोंदवून दोन लाख भरले. पुढची सगळी लढाई ते दोन लाख परत मिळावेत यासाठी होती. कर्नाटक उच्च न्यायालयात तो जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला.

म्हणजे ज्याच्या खटल्यातून ‘नोकरी सोडता येणार नाही’ असा शोध लावला गेला, त्या माणसाने नोकरी सोडलेली होती! त्याला कुणी अडवलं नव्हतं. उलट कोर्टाने अट मान्य करताना हेच तपासलं, की ही रक्कम इतकी मोठी आहे का की राजीनामा देणं नावापुरतंच उरावं? सीनियर मॅनेजरच्या पगाराकडे पाहता तशी नाही, असं कोर्टाला वाटलं. आता भाचीचा बाँड बघा. हातात येणारा पगार महिना बावीस हजार, बाँड तीन लाखांचा. कारण काय, तर ‘प्रशिक्षणाचा खर्च’. हे प्रशिक्षण म्हणजे दोन आठवडे लॅपटॉपवर रेकॉर्ड केलेले व्हिडिओ, आणि तिसऱ्या आठवड्यापासून थेट क्लायंटचं काम. निकालातली कसोटी या मुलीला लावली तर उत्तर तेच येईल का?

कोर्टाने दुसरंही कारण दिलंय. सरकारी बँकेला मनात आलं म्हणून कुणाला नोकरीवर घेता येत नाही. जाहिरात, स्पर्धा, निवड हे सगळं करावं लागतं, आणि माणूस मध्येच गेला की तो खर्च पुन्हा. खासगी कंपनीला हा मुद्दा जसाच्या तसा उचलता येत नाही. त्याच निकालात छापील करारांबद्दल, जिथे एका बाजूला सही करण्यावाचून पर्यायच नसतो, सावधपणे पाहायला सांगितलंय. तो भाग कुणी फॉरवर्ड करत नाही.

रक्कम ‘सगळी’ भरावी लागते हेही चूक. करार कायद्याचं कलम ७४ सांगतं की करारात लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा. कोर्ट देतं ती वाजवी भरपाई.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी, मला आवडो न आवडो. ‘बाँड म्हणजे कागदाचा तुकडा, फाडून टाक’ असं सांगणारेही खोटं बोलतात. कंपनीने खरोखर खर्च करून शिकवलं असेल तर पैसे द्यावे लागू शकतात. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला गोलिकरी खटला १९६७ चा आहे. पाच वर्षांच्या करारावरचा सुपरवायझर मध्येच राजस्थानातल्या स्पर्धक कंपनीत गेला, तेव्हा कराराच्या मुदतीपुरती त्याच्यावर घातलेली बंदी सुप्रीम कोर्टाने उचलून धरली होती. पण मुदत संपल्यावर? तिथे करार कायद्याचं कलम २७ आडवं येतं: कुणाला कामधंदा करण्यापासून रोखणारी अट टिकत नाही. आपल्या श्रीरामपूरच्या क्रिकेटपटू झहीर खानला कराराच्या मुदतीनंतरही बांधून ठेवण्याचा प्रयत्न एका कंपनीने केला, तो २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात फसला.

सर्टिफिकेटांच्या मुद्द्यावर मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण पोरं घाबरतात ती इथेच. पदवीचं मूळ प्रमाणपत्र एचआरच्या कपाटात असलं की मुलगी दुसरीकडे कागद तपासणीलाच बसू शकत नाही. विजया बँकेच्या निकालात सर्टिफिकेटं अडवण्याला परवानगी दिल्याचं दाखवा, मी हा लेख मागे घेईन. फी थकली म्हणून वकिलालासुद्धा पक्षकाराची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २००० साली सांगितलंय. पैशांचा वाद असेल तर कंपनीने दिवाणी दावा लावावा.

पोलीस केसचं तर बोलायलाच नको. करार मोडणं हा दिवाणी मामला. आगाऊ पैसे घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात टाकणारा कायदा इंग्रजांनी १८५९ मध्ये केला होता, तो १९२५ मध्ये रद्दही झाला. कंपनीचा डेटा चोरला तर गोष्ट वेगळी.

आणि स्टॅम्प पेपर, नोटरी? त्याने सही कुणाची हे कळतं. अट योग्य आहे असं नोटरी ठरवत नाही.

ज्यांच्यावर वेळ आली आहे त्यांनी राजीनामा ईमेलवर द्या, नोटीस पिरियड पाळा, ‘प्रशिक्षणाच्या खर्चा’चा तपशील लेखी मागा. सर्टिफिकेटंही लेखीच परत मागा. राहिलेल्या पगारासाठी ‘पंचेचाळीस दिवस लागतील’ असं उत्तर आलं, तर २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेली वेतन संहिता दाखवा. राजीनाम्यानंतर दोन कामकाजाच्या दिवसांत पगार चुकता करायचा, असं तिच्या कलम १७ मध्ये लिहिलंय.