ताश्कंदच्या सहलीबद्दलच्या तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

दोन स्टार का दिले ते तुम्ही स्पष्ट लिहिलंत, म्हणून उत्तरही स्पष्टच देतो. ताश्कंदमधली अर्धी सकाळ म्युझियममध्ये "भरतकाम आणि मातीची भांडी" बघण्यात गेली, त्यामुळे चोर्सू बाजाराला वेळ पुरला नाही आणि म्युझियममधल्या दुकानात घेतलेल्या सुझानीची, म्हणजे रेशमाने भरतकाम केलेल्या मोठ्या कापडाची, फुलं जोडावर जुळत नाहीत, म्हणजे माल सदोष आणि आमचं कमिशन ठरलेलं, असं तुमचं म्हणणं आहे.

त्या दुकानाकडून आम्ही एक रुपयाही घेत नाही.

आता सुझानी. पारंपरिक पद्धतीत हातमागाच्या अरुंद पट्ट्या आधी कच्च्या टाक्यांनी जोडतात. त्यावर जाणकार बाई वेलबुट्टी रेखून देते. मग टाके उसवून एकेक पट्टी घरातल्या बायका वाटून घेतात आणि रेशमाने भरतात. लेकीच्या लग्नासाठी चाललेलं काम असतं ते. पट्ट्या पुन्हा जोडल्या की एखादी पाकळी सांध्यावर सरकते, कधी लाल रंगाची छटाही बदलते, कारण हात वेगळा असतो. तुमच्या फोटोत नेमकं तेच दिसतंय. मशीनवरच्या कामात फुलं तंतोतंत जुळतात.

हे डोळ्यांनी बघून मग खरेदीला जावं, म्हणून बाजाराआधी उपयोजित कला संग्रहालय ठेवतो. पोलोव्त्सेव या रशियन अधिकाऱ्याचा तो वाडा, 1937 पासून संग्रहालय. भिंतींवरचं गंचचं, म्हणजे गिलाव्यात कोरलेलं नक्षीकाम आणि रंगवलेली छतं स्थानिक उस्तादांची आहेत. रिश्तानची निळी भांडी तिथे जुनी आणि नवी दोन्ही बघायला मिळतात. अद्रसचं कापडही आहे: उभा धागा रेशमी, आडवा सुती, आणि विणण्याआधीच उभे धागे बांधून रंगवलेले. आपल्या पाटण पटोळ्याच्या जातीचं काम. मर्गिलानमध्ये ही विद्या टिकवण्यासाठी जे केंद्र चालतं, त्याची युनेस्कोने 2017 मध्ये दखल घेतली. एवढं सगळं वीस मिनिटांत उरकायला लावणं मला पटत नाही, त्यामुळे हा थांबा पुढच्या सहलींतही राहील.

तरीही सुझानी नकोशी वाटत असेल तर ऑफिसात घेऊन या. तुम्ही दिलेल्या किमतीला मी स्वतः ठेवून घेईन. तोवर ती मशीनमध्ये धुऊ नका, थेट उन्हात टांगू नका. रेशमाचा रंग उतरतो.