तंबाखू नाही, नुसती सुपारी आहे ना?

श्रीवर्धन, दिवेआगर, गुहागरच्या आगरांत पोफळी आहेत तशी घरोघरी पानाची तबकंही आहेत, त्यामुळे हा मजकूर इकडे झटकन पुढे ढकलला जातो: कॅन्सर होतो तो तंबाखूने, आपला रोठा (इकडची मोठी सुपारी) नैसर्गिक, त्यात नशा नाही, सवय लागत नाही, उलट पचन सुधारतं. पूजेतल्या सुपारीशी कुणाचं भांडण नाही. इथे प्रश्न गालात धरलेल्या खांडाचा आहे.

नशा नाही? मग 'सुपारी लागते' ती काय? सवय नसलेल्याने ओल्या सुपारीचं खांड चावलं की घाम फुटतो, छाती धडधडते, गरगरतं. हे काम सुपारीतल्या आरेकोलिन या अल्कलॉइडचं, म्हणजे झाडात तयार होणाऱ्या उत्तेजक रसायनाचं. नाडी दोनेक मिनिटांत वाढू लागते, चार ते सहा मिनिटांत शिगेला पोचते आणि पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढ्यात हात पुन्हा अडकित्त्याकडे जातो. पानाला चुना लावला की तोंडातली आम्लता कमी होते आणि आरेकोलिन गालाच्या अस्तरातून लवकर रक्तात उतरतं.

सवयीचं म्हणाल तर, मेंदूतल्या ज्या रिसेप्टरांवर, म्हणजे रसायनांचा संदेश झेलणाऱ्या पेशींवरच्या जागांवर, निकोटिनचं व्यसन उभं राहतं, त्यांतल्या काहींवर आरेकोलिनही काम करतं, असं 2015 मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. रोजच्या खाणाऱ्याने अचानक सोडली की डोकं दुखणं, चिडचिड, मरगळ येते ती उगाच नाही.

आता कॅन्सर. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारी, आणि तंबाखू न घातलेलं पानसुद्धा, माणसात कॅन्सर करणाऱ्या पहिल्या गटात टाकलं. तैवानमध्ये पानात तंबाखू घालतच नाहीत, तरी तिथे तोंडाचा कॅन्सर हा मोठा प्रश्न आहे.

त्याआधी बहुधा गाल आखडतो. सुपारीतल्या घटकांनी गालाखालच्या पेशी कोलॅजनचे चिवट धागे जास्त बनवतात, आणि सुपारीत भरपूर असलेलं तांबं त्या धाग्यांना एकमेकांत घट्ट बांधणाऱ्या एन्झाइमला जोर देतं. बांधलेले धागे शरीराला सहज मोडता येत नाहीत. म्हणून सुपारी सोडल्यावर आजार वाढायचा थांबला तरी आखडलेलं तोंड आपोआप पूर्ववत होत नाही. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात अशा रुग्णांवर सतराएक वर्षं लक्ष ठेवलं, त्यांतल्या 7.6 टक्क्यांना कॅन्सर झाला.

घरच्या घरी बघायचं तर स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून दातांच्या मधे उभी घाला. जात नसतील, साधी आमटी झोंबत असेल, गालाची आतली बाजू पांढुरकी दिसत असेल किंवा बोट फिरवल्यावर दोरीसारखी लागत असेल, तर खाणं बंद आणि दातांच्या डॉक्टरकडे. शिट्टी वाजवता येईनाशी होते, तोवर थांबू नये.

उकडलेली चिकणी सुपारी खाल्ली तर? उकडताना आरेकोलिन थोडं कमी होतं, जात नाही. आणि 'नैसर्गिक' म्हणाल तर तंबाखूचं पानही झाडालाच येतं.

पचनाच्या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धं. लाळ सुटते, आतडी हलतात हे खरं. मात्र ज्या रिसेप्टरांमुळे हे घडतं, त्यांच्यामुळेच श्वासनलिकाही आवळतात. दमेकऱ्याची छाती जेवणानंतर वाजू लागली, तर डॉक्टरांना औषधांसोबत खांडांची संख्याही सांगावी. ती बहुतेक जण सांगत नाहीत.